ऋणमोचन : तीर्थाचे पाणी आणि भाविकाचे ऋण
(वऱ्हाडातील जलसेवा, स्वच्छता व लोकारोग्य यांचा अभ्यास)

आपल्या संस्कृतीत तीर्थ या शब्दाचा पाण्याशी जुना आणि जवळचा संबंध आहे. नदीवर उतरण्याची जागा, म्हणजे उतार किंवा घाट, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ होय. जेथे माणसाला पाण्यापर्यंत सुखरूप पोहोचता येते ते तीर्थ. देवालये, पर्वणी, यात्रा आणि माहात्म्यकथा हे सारे त्या उताराभोवती पुढे उभे राहिले. म्हणूनच देवदर्शनापूर्वी हस्तपादप्रक्षालन, पूजेच्या आरंभी आचमन, देवाला अभिषेक आणि पूजेनंतर तीर्थप्राशन असा क्रम परंपरेने घालून दिला आहे. पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये, अमंगल वस्तू टाकू नये, असा निषेध मनुस्मृतीसारख्या प्राचीन ग्रंथातही आढळतो. जलशुद्धीचा विचार आपल्याकडे बाहेरून आलेला नाही, तो धर्माचरणाच्या आरंभीच सांगितलेला आहे, एवढे यावरून स्पष्ट होते.

तथापि शास्त्रात सांगितलेले आणि प्रत्यक्ष नदीकाठी घडणारे यांत अंतर पडत गेले. ते अंतर कसे पडले, त्याची किंमत कोणी मोजली आणि ते मिटविण्यासाठी वऱ्हाडच्या भूमीत कोणते कार्य झाले, याचा परिचय येथे येणाऱ्या प्रत्येक भाविकाला असणे इष्ट आहे.

पूर्णामाई आणि तिचे खोरे

अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांची जीवनदायिनी म्हणजे पूर्णा नदी. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात भैंसदेहीजवळ सातपुड्यात तिचा उगम होतो. तेथून ती अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाऊन चांगदेव क्षेत्री तापीला मिळते. चंद्रभागा, शहानूर, पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा, मन, निर्गुणा, वाण अशा अनेक नद्यांचे पाणी घेऊन ती वाहते. वऱ्हाडच्या काळ्या कसदार जमिनीची समृद्धी ही तिचीच देणगी होय.

अकोल्याचे ग्रामदैवत श्री राजराजेश्वर यांना श्रावणातील अखेरच्या सोमवारी याच पूर्णेच्या पाण्याने अभिषेक होतो. गांधीग्राम येथे नदीचे पाणी भरण्यांत भरून, कावडी खांद्यावर घेऊन, हजारो शिवभक्त अनवाणी पायांनी अकोल्यापर्यंत चालत येतात. रात्रभर वाट चालून आणलेले ते पाणी शिवलिंगावर चढते, तेव्हा भाविकांच्या श्रमाचे सार्थक होते. येथे एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. गांधीग्रामला जे पाणी भरण्यात येते ते त्यापूर्वी वरच्या अंगाच्या कित्येक गावांपासून वाहत आलेले असते. त्या गावांनी नदीत जे सोडले असेल, तेही पाण्यासोबत येते. देवाच्या मस्तकावर कसले पाणी चढावे हे केवळ कावडधारी ठरवीत नाहीत. ते वरच्या गावातील प्रत्येक गृहस्थ आपल्या वागणुकीने ठरवीत असतो.

पाणी असून तहान : खारपाणपट्टा

पूर्णेच्या खोऱ्याचे दुसरे रूप यात्रेकरूंना सहसा दिसत नाही. नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर प्रदेशाला खारपाणपट्टा म्हणतात. येथे गाळाच्या मातीचे थर फार खोलवर गेलेले आहेत आणि त्या थरांतील भूजल खारे आहे. विहीर खणावी तर पाणी लागते, परंतु ते तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. शेतीला दिल्यास काळी जमीन चोपण होते. दातांचे व हाडांचे विकार आणि मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी या भागातून दीर्घकाळ येत आहेत. सातपुड्याच्या पायथ्याची गावे मात्र या बाबतीत सुदैवी आहेत. तेथील जाडसर वाळू-गोट्यांच्या थरांत डोंगरावरून झिरपलेले गोडे पाणी साठते. दोन गावांत काही मैलांचेच अंतर, पण एका गावच्या विहिरीचे पाणी गोड आणि दुसऱ्याचे खारे, असा हा प्रदेश आहे.

या गावांतील गृहिणींनी आणि लेकीसुनांनी कित्येक पिढ्या गोड्या पाण्यासाठी पायपीट केली. पाणी आणण्याचे काम ज्या घरात तासन्‌तास चालते, तेथे मुलीची शाळा सुटते आणि हात धुण्यासाठी पाणी खर्चणे ही चैन ठरते. पुढे धरणांतून गोडे पाणी आणणाऱ्या प्रादेशिक योजना झाल्या. वाण धरणावरील चौऱ्यांशी खेड्यांची योजना आणि शहानूर धरणावरून दर्यापूर-अंजनगाव भागातील १५६ गावांना पाणी पुरविणारी योजना ही त्यांतील परिचित नावे. या योजनांनी मोठा दिलासा दिला. तरीही नळ चार दिवस आला नाही तर गावाला पुन्हा जुन्या विहिरीकडे वळावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी रोगाचा शिरकाव होतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाणी उकळले की ते सर्व दोषांतून मुक्त होते, असे पुष्कळांना वाटते. उकळल्याने रोगजंतू मरतात हे खरे. परंतु पाण्यात विरघळलेले क्षार, फ्लोराइड व नायट्रेट उकळण्याने जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. तुरटी फिरविल्याने गढूळपणा खाली बसतो, पण सगळे जंतू मरत नाहीत. क्लोरीन जंतूंचा नाश करते, पण खारेपणा घालवीत नाही. म्हणजेच पाण्याचा दोष कोणता हे ओळखून उपाय योजावा लागतो. गावच्या पाण्याची तपासणी प्रयोगशाळेत करून घेण्याचे महत्त्व यातच आहे.

ऋणमोचनचा घाट

पूर्णेच्या काठी, अमरावती जिल्ह्याच्या भातकुली तालुक्यात, ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. तेथे मुद्गलेश्वराचे स्थान असून पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. येथे स्नान केल्याने मनुष्य ऋणातून मुक्त होतो, अशी श्रद्धा गावाच्या नावातच सामावलेली आहे. या यात्रेशी वऱ्हाडातील एका थोर जीवनाचा आरंभ निगडित आहे.

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील व्यसनापायी अकाली गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आली. तेथे मामाच्या घरी गुरे राखीत, शेती करीत डेबूजी वाढले. संवत १९५६ चा दुष्काळ, जो वऱ्हाडात छप्पनचा दुष्काळ म्हणून ओळखला जातो, तो त्यांनी ऐन तारुण्यात पाहिला. त्या वर्षी उपासमारीच्या पाठोपाठ पटकीनेही असंख्य बळी घेतले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका हातात फुटके मडके आणि दुसऱ्या हातात खराटा, असे ते गावोगाव फिरू लागले. त्या मडक्यावरून म्हणजे गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

ऋणमोचनच्या यात्रेत त्या काळी काठावर चिखल माजत असे. स्नानाला उतरणारी म्हातारी माणसे व लेकुरवाळ्या स्त्रिया घसरून पडत. दर वर्षी हजारो लोक येत, पडत, उठत आणि पुण्य घेऊन घरी जात. काठ नीट करावा असे कोणास सुचत नव्हते. डेबूजींनी हाती खोरे व टोपले घेतले. उतारावर माती-मुरूम टाकून ते वाट करू लागले. पुढे लोकांचा हातभार लागून तेथे पक्का घाट उभा राहिला. नदीत उतरण्याची सुरक्षित जागा हाच तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ आहे, हे आरंभी सांगितले आहे. त्या अर्थाने ऋणमोचनला तीर्थत्व या घाटाने नव्याने प्राप्त करून दिले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आधी खराटा, मग कीर्तन

गाडगेबाबांच्या सेवेची रीत साधी होती. गावात शिरताच ते प्रथम रस्ता व गटारे झाडू लागत. दिवसभर गाव झाडून झाले की रात्री कीर्तन होई. कीर्तनात ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. कर्ज काढून तीर्थयात्रा करू नका, मुलांना शिकवा, दारू सोडा, देवापुढे मुके जीव मारू नका, अस्पृश्यता पाळू नका, घर व अंगण स्वच्छ ठेवा, असा त्यांचा उपदेश असे. सकाळी गाव जागे होण्यापूर्वी ते पुढच्या गावाच्या वाटेला लागलेले असत. सत्कार घेण्यासाठी ते थांबत नसत.

या क्रमाचा अर्थ समजून घेण्याजोगा आहे. आधी कीर्तन करून मग लोकांना झाडू घ्या म्हणून सांगणे सोपे होते. बाबांनी क्रम उलटा ठेवला. ज्याने दिवसभर आपल्या दारची घाण उचलली त्याचे रात्रीचे शब्द ऐकणाऱ्याला टाळता येत नव्हते. शिवाय घाण उचलणे हे अमुक एका जातीचे काम, ही समजूतही त्या खराट्याने मोडीत काढली. आरोग्याच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे. कारण स्वच्छता दुसऱ्याने करायची, असे जेथे मानले जाते तेथे घाण कधीच संपत नाही.

लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर आदी ठिकाणी धर्मशाळा, सदावर्ते, गोरक्षण व शाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी झालेली धर्मशाळा ही त्यांतील ठळक कामे. लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी स्वतःच्या कुटुंबाला त्यांनी झोपडीतच ठेवले. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या काठी, प्रवासातच त्यांनी देह ठेवला.

याच भूमीतील राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनी गुरुकुंज मोझरी येथून ग्रामोन्नतीचे कार्य केले. त्यांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धी व ग्रामआरोग्य यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. पुढे महाराष्ट्र शासनाने २०००-०१ या वर्षी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. या अभियानात शासनाने अनुदानापेक्षा स्पर्धेवर आणि श्रमदानावर भर दिला. गावे स्वतः राबली, हागणदाऱ्या बंद झाल्या, सांडपाण्यासाठी शोषखड्डे झाले. केंद्र शासनाचा निर्मल ग्राम पुरस्कार, २०१४ पासूनचे स्वच्छ भारत अभियान आणि २०१९ मध्ये घोषित झालेले जलजीवन मिशन हे त्याच वाटेवरचे पुढील टप्पे होत.

यात्रा आणि पटकी

पूर्वी यात्रा म्हटली की पटकीचे भय असे. १८६७ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यानंतर परतणाऱ्या यात्रेकरूंसोबत पटकी उत्तर भारतात दूरवर पसरली. पंढरीच्या वारीवरही या रोगाची छाया दीर्घकाळ होती. गावात साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडण्याची चाल अनेक ठिकाणी होती. त्या चालीमागे भयभीत माणसांची आर्तता होती आणि तिचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु गाडा शिवेवर थांबला तरी ओढ्याचे पाणी शिवेवर थांबत नसे.

१८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो या वैद्याने ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या पाण्याभोवती पटकीचे मृत्यू एकवटले आहेत, हे दाखवून दिले. रोग वाईट हवेतून नव्हे तर दूषित पाण्यातून येतो, हा विचार तेव्हापासून दृढ होत गेला. रुग्णाच्या विष्ठेतील जंतू पाण्यात, हातांवर किंवा माशांच्या पायांवरून अन्नात जातो आणि दुसऱ्याच्या तोंडात पोहोचतो. ही साखळी कोणत्याही एका कडीशी तोडली तरी रोग थांबतो. शौचालय, झाकलेले पाणी, धुतलेले हात आणि झाकलेले अन्न या त्या चार कड्या होत.

हा रोग इतिहासजमा झाला असे मानण्याचे कारण नाही. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातील चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी व कोयलारी या गावांत पटकीची साथ उद्‌भवली. लोकांच्या पिण्यात उघड्या विहिरीचे दूषित पाणी आले होते. अमरावती तालुक्यातील नया अकोला येथेही रुग्ण आढळले. जुलैच्या मध्यापर्यंत जिल्ह्यात ५ जण दगावले. ज्या जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले, त्याच जिल्ह्यात त्यांच्या निर्वाणानंतर सहासष्ट वर्षांनी एका विहिरीच्या पाण्याने माणसे गेली, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही.

आपत्तीच्या वेळी जलसेवा

दुष्काळात पाणी आटते आणि उरलेल्या डबक्यावर माणसे व गुरे एकत्र येतात. पुरात पाणी चोहीकडे असते, पण पिण्याजोगे नसते. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने अमरावती जिल्ह्याच्या सीमेपलीकडील मोवाड हे गाव उद्ध्वस्त केले. त्यात २०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत अकोल्यात मोर्णेचे पाणी सखल वस्त्यांतील घरांत शिरले. अशा वेळी शौचकूप, गटारे आणि विहिरी यांचे पाणी एक होते. पूर ओसरल्यावर घरे उभी करता येतात. पण त्या पहिल्या आठवड्यात प्यालेले पाणी नवे संकट आणू शकते.

म्हणून आपत्तीतील सेवेचा क्रम जाणत्यांनी ठरवून दिला आहे. प्रथम पिण्याचे सुरक्षित पाणी, सोबतच शौचाची सोय, साबण, आणि मग इतर साहित्य. निवारा छावणीत प्रत्येक माणसामागे पिणे, स्वयंपाक व स्वच्छता मिळून दिवसाला किमान १५ लिटर पाणी असावे, हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. वीस माणसांमागे एक शौचालय असावे. ते विहिरीपासून किमान ३० मीटर दूर असावे. स्त्रियांची शौचालये वेगळी, आतून कडी असलेली व उजेडाची असावीत, अन्यथा स्त्रिया रात्री तेथे जात नाहीत आणि दिवसभर पाणी पिणेही टाळतात.

पुरानंतर विहीर आधी उपसून, गाळ काढून मगच निर्जंतुक करावी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, त्यामागे सोपे गणित आहे. चांगल्या प्रतीची पावडर १,००० लिटर पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम लागते. समजा, विहिरीचा व्यास ३ मीटर व पाण्याची खोली ४ मीटर आहे, तर तिच्यात सुमारे २८,००० लिटर पाणी असते आणि त्यास सुमारे ७० ग्रॅम पावडर लागते. पाणी गढूळ असल्यास मात्रा वाढवावी लागते. ही पावडर कोरडी न टाकता बादलीत कालवावी, चुन्याचा साका खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे. त्यानंतर किमान एक तास पाणी वापरू नये. उघडी राहिलेली जुनी पावडर निकामी झालेली असते, हेही ध्यानात ठेवावे.

रुग्णसेवेबाबतही आपत्तीनेच एक मोठा धडा दिला. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ व साखरेचे द्रावण रुग्णांना तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. छावणीतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आज हे द्रावण प्रत्येक आरोग्य केंद्रात पुडीच्या रूपाने मिळते. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे ६ सपाट चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा, लहान चहाच्या चमच्याने मोजून विरघळवावे आणि रुग्णाला घोट-घोट पाजावे. मीठ जास्त होऊ देऊ नये. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडण्याची जुनी समजूत घातक आहे. आईचे दूध व पातळ अन्न चालूच ठेवावे. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा मूल सुस्तावले तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

यात्रेकरूंनी पाळावयाचे नियम

१. पिण्याचे पाणी केवळ पिण्यासाठी राखून ठेवलेल्या नळावरूनच घ्यावे. नदी, कुंड किंवा उघड्या विहिरीचे पाणी श्रद्धेने मस्तकी लावावे, परंतु प्राशन करू नये.

२. शौचानंतर, जेवणापूर्वी आणि मुलांना भरविण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. नुसत्या पाण्याने किंवा मातीने हात धुतल्यास जंतू जात नाहीत.

३. पाणी साठविलेल्या माठात किंवा पिंपात हात अथवा पेला बुडवू नये. लांब दांड्याच्या ओगराळ्याने किंवा तोटीने पाणी घ्यावे.

४. नदीकाठी, शेतात किंवा वाटेच्या कडेला शौचास बसू नये. लहान मुलांची विष्ठाही तितकीच रोगकारक असते. ती उघड्यावर टाकू नये.

५. निर्माल्य, जुने फोटो, वस्त्रे, प्लॅस्टिकच्या पिशव्या व तेलाचे दिवे नदीत सोडू नयेत. निर्माल्य कलशातच टाकावे. स्नान करताना साबण व शांपू यांचा वापर प्रवाहात करू नये.

६. महाप्रसाद ताजा व गरम असतानाच घ्यावा. घरच्यांसाठी नेलेला ओला प्रसाद प्रवासात आंबला असल्यास तो श्रद्धेपोटीही मुलांना देऊ नये.

७. ताप, जुलाब किंवा उलट्या होत असलेल्या व्यक्तीने पंगतीत वाढण्याची वा स्वयंपाकाची सेवा घेऊ नये. बरे होईपर्यंत विश्रांती घेणे हीच त्या काळातील सेवा होय.

दात्यांसाठी

दानाची परंपरा वऱ्हाडात मोठी आहे. विहीर, पाणपोई, धर्मशाळा व सदावर्त यांना पूर्वापार पुण्यकर्म मानले गेले. या दानाबाबत अनुभवाने शिकविलेली एक गोष्ट दात्यांनी लक्षात घ्यावी. पाण्याची टाकी बांधून देणे सोपे असते, पण ती दर महिन्याला धुऊन घेणे कठीण असते. शौचालयाच्या कोनशिलेवर नाव लागते. परंतु त्याच शौचालयात दररोज पाणी, साबण आणि झाडणाऱ्याचे वेतन लागते, त्यावर कोणाचे नाव लागत नाही. परिणामी पुष्कळ ठिकाणी चांगल्या इमारती देखभालीअभावी कुलूपबंद पडतात आणि यात्रेकरू पुन्हा नदीकाठी जातात. म्हणून बांधकामासोबत देखभालीसाठी कायम निधी ठेवावा. पाण्याची वेळोवेळी तपासणी, गाळणी बदलणे, पंपाची दुरुस्ती, सफाई सेवकांना हातमोजे, गमबूट व आरोग्य तपासणी या गोष्टींसाठी दिलेले दान दिसत नाही, पण तेच सर्वाधिक काळ फळ देते.

गाडगेबाबांचा आदर्श येथेही उपयोगी पडतो. धर्मशाळा बांधताना ती कोण चालविणार, झाडणार कोण आणि पाणी कोठून येणार, याची व्यवस्था लावण्याकडे त्यांचे लक्ष असे. त्यांच्या कार्यात इमारत ही सेवेचे साधन होती.

उपसंहार

ऋणमोचन या नावात एक प्रश्न दडलेला आहे. स्नानाने ऋण फिटते असे भाविक मानतो. परंतु स्नानासाठी घेतलेले पाणी हेदेखील ऋणच होय. वरच्या गावाने ते स्वच्छ ठेवले म्हणून आपल्याला मिळाले आणि खालच्या गावाला ते आपल्याकडून मिळणार आहे. कावडीचे भरणे उचलणारा भक्त ज्या भावनेने पाण्याचा थेंबही सांडू देत नाही, त्या भावनेने आपल्या गावची नदी, विहीर आणि नळकोंडाळे जपणे हे या ऋणाची फेड करण्याचे साधन आहे.

दर्शन घेऊन परतणाऱ्या भाविकाने आपल्या गावी गेल्यावर एक काम अवश्य करावे. गावच्या पिण्याच्या पाण्याची शेवटची तपासणी केव्हा झाली आणि तिचा निष्कर्ष काय आला, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे. विहिरीचा काठ उघडा असेल तर तो बांधून घ्यावा, भोवती साचलेले पाणी वाहते करावे. यासाठी संत असण्याची आवश्यकता नाही. ऋणमोचनच्या चिखलात पहिले टोपले टाकणारा डेबूजी तेव्हा एक साधा माणूसच होता.